उपाशीपोटी

ऑपरेशनआधीच्या खोलीत आम्ही दोघं, आणि ब्लँकेट एकच. माझ्यासोबत आलेली आत्या बाहेर बाकावर. त्यानं ते न विचारता माझ्या पायांवर टाकलं.

"घ्या. तुमचे दात इतके वाजतायत, मला वाटलं कुणी दार ठोठावतंय."

तो सुतार. शिडीवरून पडून हात मोडलेला, गळ्यात झोळी. मी शाळेत शिकवते, पित्ताशयात खडे.

"भीती वाटते का, बाई?"

"नाही... म्हणजे थोडी. जीव जाईल इतकीच."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसतात, ओठ मागून येतात... अशा वेळी हे मला कशाला दिसावं?

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. सुईतून औषध जाईल, जरा जळजळेल. तोंडावर मास्क, की लगेच झोप. मग घशात श्वासाची नळी. ती कळणारही नाही. उठल्यावर घसा खवखवेल, थंडी वाजेल.

"आणि... उठलेच नाही तर?"

"मी सगळा वेळ तुमच्या उशाशी आहे. फक्त पोट रिकामं हवं. गुंगीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं. दोघांनी काही खाल्लं नाही ना?"

दोघंही नाही म्हणालो. त्या गेल्या — आणि मला त्याच्या झोळीच्या घडीत बिस्किटाचा चुरा दिसला.

"हे काय?"

"कालचं असेल."

"झोळी तर मघाशी नर्सनं नवी बांधली."

तो हळूच म्हणाला, "दोनच खाल्ली. आत्ताच, जिन्यात. धड हातसुद्धा थरथरत होता, बाई... सांगू नका. आज परत गेलो, तर पुन्हा यायची छाती व्हायची नाही."

सकाळपासून मी देवाचा धावा करत होते, तो स्वतःसाठी. आता नाम तेच राहिलं, मागणं बदललं. देव धावून येतो म्हणतात. पण पुष्कळदा तो नुसता शेजारच्या खाटेवर कुणाला तरी बसवून ठेवतो.

मी घंटी दाबली.

त्याचं ऑपरेशन उद्यावर गेलं. नर्सनं झापलं, "खाताना तोंड उघडलंत, विचारल्यावर का नाही उघडलं?"

तो माझ्याकडे बघेना. तेवढ्यात माझं स्ट्रेचर आलं.

"रागावलात?"

"हो." पण तो स्ट्रेचरच्या कडेनं चालू लागला. "आज मला काही काम ठेवलंच नाहीत तुम्ही. बाहेर तुमच्या आत्याशेजारी बसतो."

"किती वेळ?"

"तुम्ही उठेपर्यंत."

आत गारठा होता, वर प्रखर दिवे. मास्कला रबराचा वास. दंडात जळजळ चढली. मी नाम घेतलं एकदा, दुसरं अर्धंच—

"झालं हं, डोळे उघडा," कुणी तरी म्हणत होतं. मधला वेळ जणू नव्हताच. घसा खवखवत होता, अंग थडथडत होतं. पण मी होते.

वॉर्डात आणलं, तेव्हा तो आत्याच्या शेजारून ताडकन उठला.

"डॉक्टरबाईंनी मला सगळं समजावलं," तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसला असतात, तर..." त्यानं गळ्यातली झोळी सावरली. "उद्या मी आत जाणार. फार भीती वाटतेय. जाग आल्यावर समोर तुम्ही असाल?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली.

"उद्यापुरतं नाही विचारत मी," तो आणखी हळू म्हणाला. "रोज सकाळचं विचारतोय."

नळीनं माझा घसा बसला होता. तो पांढराफटक पडून वाट बघत राहिला. मी हो म्हणून मान हलवली. एकदा पुरली असती... दोनदा हलवली.