करंगळीचा सूर

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण ही घडलेली गोष्ट आहे, कारण माझ्या मामाच्या उजव्या हाताची करंगळी मी स्वतः हातात धरून पाहिली आहे.

साल १९८६. ठिकाण घाटकोपर पश्चिम. आणि वेळ रात्रीची नव्हे, दुपारी चारची. भुतं फक्त अंधारात येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझा मामा जयवंत तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. अण्णांच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात कामाला. त्या काळी लोक कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि दुकानवाला हवी ती गाणी भरून द्यायचा. मामाचा हात त्यात बसलेला होता. पण जीव सगळा पेटीत. विक्रोळीच्या भजनी मंडळात तो पेटी वाजवायचा. डबलबारीत दोन बुवांचा सामना रंगला, की समोरचा पेटीवाला मामाच्या बोटांकडे बघत बसायचा. मामाला याचा गर्व होता आणि तो लपवायचाही नाही.

जुलै संपत आला होता. एका दुपारी शेवंताबाई दुकानात आल्या. राहणार कन्नमवार नगर. रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट त्यांनी काउंटरवर ठेवली.

“भाऊ, आमच्या मालकांनी वाजवलेलं आहे. एवढी एकच आहे, दुसरी नाही. हिच्या तीन काढून द्या. दोन पोरींना एकेक, आणि एक वर्षाच्या पुण्यानुमोदनाला लावायची.”

पुण्यानुमोदन म्हणजे बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी करतात तो विधी.

मालकांचं नाव कुंडलिक. फोर्टातल्या एका क्लबात पियानो पुसायचा आणि सुरात लावायचा, ही त्यांची नोकरी. दुपारी चार ते पाच तिथला हॉल रिकामा असायचा. तेवढ्या तासात, क्लबातल्या जॅझच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून, हा माणूस एकटाच वाजवायला शिकला. लोकांसमोर कधी बसला नाही. एका वेटरने हौसेने ही कॅसेट भरून ठेवली, म्हणून तेवढं तरी राहिलं.

मामाने नाक मुरडतच ती लावली.

पहिल्या मिनिटाला त्याला वाटलं, दोघं वाजवतायत.

मग वाटलं, तिघं असावेत.

डावा हात खाली येरझाऱ्या घालत होता, एकसारखा, न थकता. उजवा त्याच्यावरून नुसता पळत सुटला होता. तबला नाही, टाळ नाही, कुणाची साथ नाही. एकटा माणूस एक साधी चाल घ्यायचा, तिच्या चिंध्या करायचा, आता ही काही परत जुळत नाही असं वाटेपर्यंत लांब घेऊन जायचा, आणि बरोबर ठोक्यावर घरी आणून सोडायचा. मामाच्या अंगावर काटा आला. पेटीवाल्याचा एक हात जन्मभर भात्यात अडकलेला असतो. दोन्ही हात मोकळे मिळाले तर माणूस काय करू शकतो, हे तो आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर त्याचा जळफळाटही झाला.

मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली.

सूर झरझर वर चढायचे… आणि सगळ्यात वरचा सूर यायचाच नाही.

तिथे रिकामी जागा. आणि त्या जागेत…

“हं…”

नाकातून सोडलेला छोटासा हुंकार. की पुढचं वाजवणं सुरू.

प्रत्येक वेळी तसंच.

आठवड्याने शेवंताबाई कॅसेट न्यायला आल्या, तेव्हा मामाने विचारलं, “ताई, तो वरचा सूर का हो सोडतात ते?”

“उजवी करंगळी नव्हती त्यांना. तरणेपणी कारखान्यात प्रेसखाली गेली.” त्या जरा हसल्या. “म्हणायचे, शेवंता, माझं बोट जिथं पडलंय तिथं तो सूर वाजतोय. तुला ऐकू येत नाही, एवढंच. झाल्या का कॅसेटी?”

झाल्या नव्हत्या. मामा ती कॅसेट सोडायलाच तयार नव्हता. अण्णा जेवून घरी आडवे झाले, की रोज चारला लावून ऐकत बसायचा. आज काढू, उद्या काढू, असं करत दिवस ढकलत होता.

तेवढ्यात गणपती जवळ आले.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडून टाकले, की तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. वेटरने ते मोडलेले होते. पण दुकानातली युक्ती अशी, की जुनी कॅसेट पुन्हा वापरायची असेल तर त्या भोकांवर सेलोटेप चिकटवायचा. गणपतीच्या गर्दीत मामा अशा पन्नास-पन्नास कॅसेटींना एका बैठकीत टेप लावायचा, न बघता. त्या वर्षी त्याला स्वतःच्या मंडळाचं भजन भरून गावोगाव पाठवायचं होतं. आपली पेटी सगळ्यांनी ऐकावी म्हणून. ढीग घेतला, टेप लावला, भजन भरलं. दोन्ही बाजूंना.

दुसऱ्या दिवशी चारला त्याने कुंडलिकची कॅसेट लावली…

आणि त्याला स्वतःची पेटी ऐकू आली.

उलटून लावली. तिकडेही पेटी. गजर, टाळ, आणि मध्येच त्याचाच आवाज, “हां बुवा, होऊ द्या!”

मामा स्टुलावर बसला तो उठेचना. अण्णा आले. ते अस्सल मालवणी. “काय रे जयवंता, खंय लक्ष आसा तुजा?”

“काय नाय, अण्णा.”

तिथेच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या बाईला काय तोंड दाखवायचं? दुकानात एका पारशी गिऱ्हाइकाने विकायला ठेवलेली एक अमेरिकन रेकॉर्ड पडून होती. असाच एकटा पियानो, असंच वेड लावणारं वाजवणं. मामाने तीच चार कॅसेटींवर उतरवली. त्यातल्या एकीवर जुनं लेबल चिकटवलं. कुणाला कळणार होतं?

पुण्यानुमोदनाला त्याला आग्रहाने बोलावलं. तो गेला. बुद्धवंदना झाली, चार लोक कुंडलिकबद्दल बोलले, आणि कॅसेट लागली. मामा दाराजवळ उभा होता. सूर झरझर वर चढले आणि सगळ्यात वरचा सूर खणखणीत वाजला. दहा बोटांच्या माणसाचा सूर.

शेवंताबाईंनी मान वर केली. मामाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“जेवून जा, भाऊ,” एवढंच म्हणाल्या.

मामा न जेवता पळाला.

दिवाळी झाली. एका दुपारी त्या दुकानात आल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते. रुमालात तीच कॅसेट.

“लावा.”

मामाने लावली. त्याने स्वतः भरलेली अमेरिकन रेकॉर्ड. सूर झरझर वर चढले… आणि वरचा सूर आला नाही.

“हं…”

मामाने घाईघाईने ती अमेरिकन रेकॉर्ड काढून लावली. रेकॉर्डवर सूर पूर्ण होता. कॅसेटवर नव्हता. तीनदा लावून पाहिलं. तीनदा तेच.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे माझं माणूस नाही,” शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. “रात्रभर रडले मी. तुम्हाला शिव्या घातल्या. पण घरात आवाज हवा म्हणून रोज चारला लावत गेले. नवव्या दिवशी पहिला सूर गळला. मग दुसरा. मग त्यांचा हुंकार आला. भाऊ, ते आलेत. तुम्ही काय केलंत ते मी विचारत नाही.”

मामाने त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. टेप, भजन, पेटी. त्या ऐकत राहिल्या.

“म्हणजे तुमची पेटी त्यांच्यावर बसली होय…” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. आणि कॅसेट घेऊन निघून गेल्या.

त्या रात्री पहिल्यांदा करंगळी गार पडली.

मामाला वाटलं, थंडीचे दिवस. मग दत्तजयंतीच्या भजनात, ऐन गजरात, त्याने वरची पट्टी दाबली…

आणि पेटी वाजलीच नाही.

मंडळातला नंदू म्हणाला, “काय यार जयवंत, झोपलास काय?” त्याने पेटी ओढून तीच पट्टी दाबली. झकास वाजली. मामाने खाली पाहिलं. त्याचं बोट पट्टीवर टेकलं होतं, पण दाबलं जात नव्हतं. त्याने डाव्या हाताने ते बोट चिमटलं. काहीच कळलं नाही. डॉक्टर झाले, मालिश झालं, गावच्या घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, गाऱ्हाणं झालं. शिरा ठीक, हाड ठीक. पण करंगळी गेली ती गेलीच. आणि करंगळीबरोबर डबलबारीही गेली. समोरच्याला घाम फोडणारा पेटीवाला पुढे टाळ कुटायला मागच्या रांगेत बसला, आणि दोन वर्षांत तेही सोडलं.

दत्तजयंतीनंतरच्या जानेवारीत शेवंताबाई पुन्हा आल्या. चार वाजता. या वेळी चेहरा नुसता उजळलेला.

“भाऊ, ऐका तर!”

सूर झरझर वर चढले. मामा रिकाम्या जागेची वाट पाहत होता.

वरचा सूर वाजला.

आणि लगेच, खुशीत…

“हं!”

“आता पूर्ण वाजवतात,” शेवंताबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तीस वर्षांत पहिल्यांदा. कुठून मिळालं असेल हो त्यांना बोट?”

तो सूर जरा जोरात पडत होता, शेवटाला किंचित दाबून धरलेला. टाळांच्या गोंगाटातही ऐकू जावा म्हणून पेटीवाले धरतात तसा. स्वतःचं बोट कुणालाही ओळखू येतं. मामाने उजवा हात काउंटरखाली घेतला आणि म्हणाला, “चांगलं झालं, ताई.” दुकान त्याने त्याच महिन्यात सोडलं.

हे सगळं मला मामाने कितीतरी वर्षांनी, दहिसरच्या घरी सांगितलं. मी हसलो. मला अशा गोष्टींचा राग येतो. म्हटलं, “मामा, नस दबली असेल. दाखव बघू.” आणि त्याची करंगळी मुठीत धरली. ओल्या फडक्यासारखी होती. गार आणि ढिली. मी दाबली, वाकवली. मामाला काही समजत नव्हतं, तो खिडकीबाहेर बघत होता.

समोरच्या घड्याळात चार वाजले.

माझ्या मुठीत… ती करंगळी हलली.

एकदा. जोरात, खाली दाबून. आणि किंचित धरून सुटली.

मी मामाकडे पाहिलं. बाकीचा हात तसाच निपचित पडला होता. मी श्वास रोखून थांबलो. सहा-सात सेकंद गेले असतील… पुन्हा. तितकीच जोरात. मग पुन्हा. घरात रेडिओ नव्हता, टेप नव्हता. शेवंताबाई जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

“मामा…”

मामाने मान वळवली नाही.

“सोड तिला,” तो म्हणाला. “पाचपर्यंत ती माझी नसते.”

मी सोडली. आता माझी चाळिशी उलटली. ऑफिसात असलो तरी चार वाजले, की मी दोन्ही हात खिशात घालून बसतो. का, ते मला कुणाला नीट सांगता येत नाही.