बटणांच्या दुकानातलं नसलेलं पान

ऑफिसच्या इंटरनेटवर पहारा ठेवणं हे माझं काम. त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरचा एक कॉम्प्युटर बटणांच्या एका ऑनलाइन दुकानाकडे नसलेलंच पान मागत होता. पानाचं नाव... 'गोळी-घेतलीस-का'. थोड्या वेळाने, 'उठू-नकोस-हं'.

आधी मी हसले... मग भान आलं. आमच्याकडे गुप्त नकाशे बनतात. फोनसुद्धा दारातच जमा करावे लागतात. आणि त्या कॉम्प्युटरवरचा माणूस चोरून कोणाशी तरी बोलत होता!

तशीच वर गेले. त्या कॉम्प्युटरपुढे नकाशे काढणारा नवा माणूस बसला होता. बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल.

"बटणं हवीत का?" मी विचारलं.

तो दचकला. मग शर्टाकडे बघत म्हणाला, "एक तुटलंय खरं... पकडलंत वाटतं?"

"कोण आहे ती?" माझा आवाज उगाचच चढला.

"धाकटी बहीण. दुकान तिचंच. दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हटलंय. नवरा जहाजावर. मी कुठलं पान मागितलं ते तिला दिसतं. उत्तर म्हणून ती दुकानाची पहिली ओळ बदलते."

बहीण! मला इतकं हायसं का वाटावं?

"संध्याकाळपर्यंत साहेबांना स्वतः सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"सांगतो. तोवर तिच्यावर जरा लक्ष ठेवाल?"

"दोघांवर ठेवते," मी बोलून गेले — आणि कान तापले.

जागेवर परतले, पण कामात लक्ष लागेना. दुकानाचं पहिलं पान उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं... दुपारी तो साहेबांच्या मीटिंगमध्ये असताना ओळ बदलली. 'दादा, कळा येताहेत. लवकर ये.'

मी धावत जिना चढले, दार ढकललं. "तुमच्या बहिणीला कळा सुरू झाल्यात! निघा!"

तो पळालाच. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

मी सगळं सांगून टाकलं. नकाशातली एक रेघही बाहेर गेली नव्हती, पण नियम तो नियम. त्याची नोकरी गेली, मला तंबी मिळाली.

त्यानंतर जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानाची ओळ तशीच. बाळ कसं असेल? तो चिडला असेल का?

"कसली एवढी उलघाल चाललीय तुझी?" आईने विचारलं.

शेवटी एका दुपारी तो ऑफिसच्या फाटकाशी उभा दिसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण हसरे.

"भाची झाली. थोडक्यात वाचल्या दोघी. उशीर झाला असता तर..."

"आणि तुमची नोकरी? माझ्यामुळे—"

"दुसरी मिळेल. बहीण म्हणते, ती धावत आलेली कोण, तिला घेऊन ये."

"मग?"

"म्हटलं, विचारून बघतो."

"मग विचारा ना!"

"येशील?"

येशील... 'याल' नाही!

"बाळ बघायला?"

"बाळाचं निमित्त गं. मला... मला तू आवडतेस."

मी गर्रकन वळून आत निघाले. त्याचा चेहरा पडला.

"अरे, रजा सांगून येते!" मी ओरडले. "थांबशील ना?"