म्हातारी फोर्ड आणि नवी अँबेसेडर

शेकोटीत काटक्या सारत खेमराजकाका पोरांना म्हणाले, "हे भोजराजनं मले सोता सांगितलं. हासनार असान त आत्ताच उठून जा."

अडुसष्ट साल, वीस नोव्हेंबर, अमावस्येची रात्र. भोजराज हा बिरसा गावच्या लाकूड ठेकेदाराचा ड्रायव्हर. नऊ वाजता त्यानं बायकोला, सीताला, मागच्या सीटवर निजवलं. पहिलटकरीण, दुपारपासून अडलेली. सुईणीनं हात टेकले होते. बालाघाटचा दवाखाना गाठला नाही तर आई आणि लेकरू दोघंही हातची जाणार होती.

गाडी मात्र नवी कोरी अँबेसेडर! आणि या दीडशहाण्याला तिचा केवढा माज! आधी ठेकेदाराकडे छत्तीस सालची फोर्ड होती, तिच्यावर ड्रायव्हर म्हातारा डोमाजी, गालात कायम तंबाखू. हँडल मारल्याशिवाय ती उठायची नाही, चढावर धापा टाकायची. भोजराज तिला खटारा म्हणायचा आणि डोमाजीला खटाऱ्याचा नवरा. होळीच्या सुमारास म्हातारा मेला, तेव्हा यानंच उभं राहून फोर्ड भंगारासाठी तोडून घेतली. वर हसलाही.

त्या वाटेवरचे सगळे ड्रायव्हर चढाआधी नाल्यावर थांबून रेडिएटरला पाणी पाजत. भोजराज थांबला नाही.

"पानी खटाऱ्याले लागते," तो सीताला म्हणाला. "हे तं रानी हाय."

उकवा गावाच्या अलीकडे, चढावर, राणीनं भसाभस वाफ सोडली आणि बंद पडली. साडेअकरा वाजले होते. सीता कण्हत होती... मग कण्हणंही थांबलं.

मागून दोन पिवळे दिवे आले. मंद. आवाज ओळखीचा. धडधड... खोक... धडधड...

फोर्ड.

भोजराजची मान वळेना. गाडी पुढे जाऊन उभी राहिली. कोणीतरी उतरलं. बंपरला दोर बांधला. मग अगदी काचेजवळून...

"पानी पाजलं होतं का तिले?"

भोजराजनं स्टीअरिंग घट्ट धरलं.

"नाई ना?"

"हट्! डायवर म्हंते सोताले!"

दोर ताणला. राणी मुकाट्यानं फोर्डच्या मागे निघाली. भोजराजनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या फाटकाशी भोजराजनं डोळे उघडले. पुढे गाडी नाही. दोर नाही. पहाटे मुलगी झाली, सीता वाचली. तो रडतच बाहेर आला.

नव्या कोऱ्या बॉनेटवर, मधोमध, कोणीतरी तंबाखूची पिचकारी मारली होती. त्यानं ती आपल्या धोतरानं घासून पुसली.

काकांनी शेकोटीत आणखी एक काटकी सारली.

"दुसऱ्या दिवशी पाह्यलं त्यानं... पिचकारी तितंच होती. ओली."