चमच्यातला च

रंजनाताई घाडगे मोरीपाशी बसून कवळी घासत होत्या. मऊ ब्रश, कोमट पाणी, टूथपेस्ट अजिबात नाही. रात्री ती पाण्यात ठेवायची आणि सकाळी मिठाच्या पाण्याने चूळ भरून मगच तोंडात बसवायची. "नव्या सुनेसारखी जपा हं, काकू," असं दवाखान्यातल्या मृण्मयीने बजावलं होतं. एवढे लाड खऱ्या सुनेचेही झाले नव्हते.

ही साधी कवळी नव्हती. लोक तिला 'जाणती कवळी' म्हणत. टाळूला चिकटणारा तिचा पातळ पापुद्रा आपणहून हलायचा. घास आला की तो घट्ट धरायचा, बोलताना जीभ अडखळली की तिला हळूच योग्य जागी सरकवायचा. लाखो माणसांचं बोलणं ऐकून कवळी हे शिकली होती. सुरुवातीला हिरड्या सोलवटल्या, तोंडात परक्याचं बिऱ्हाड आल्यासारखं वाटलं, पण पुढे रंजनाताई चक्क भाकरी चावू लागल्या.

एवढ्यावर कोणीही खूश झालं असतं. रंजनाताईंना मात्र घोर लागला होता तो नवऱ्याचा. शशिकांतरावांनी उभी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचे शब्दच पुसून नेले. रंजनाताईंनी रोज समोर बसून एकेक शब्द परत आणला. गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच, कवळी आली त्या सुमारास, ते मुके झाले.

आजही रंजनाताईंनी चमचा वर धरला.

"अहो, म्हणा, चमचा."

शशिकांतराव चमच्याकडे बघत राहिले, मग बायकोच्या ओठांकडे. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी स्वतःच्या डोक्याशी बोट फिरवलं. माझंच डोकं गेलंय, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

कवळी तपासायला घरी आलेली मृण्मयी दारातच थबकली होती.

"काकू, परत म्हणा बरं."

"चमचा."

"हा चहातला च झाला. चमच्यातला वेगळा ना?"

"काहीतरीच काय बाई! मी तसाच म्हणते की."

"बरं, चिंच म्हणा."

चिंच एवढासा शब्द, पण त्यात दोन्ही च आहेत. पहिला टाळूला जीभ लावून येतो, दुसरा दातांच्या मागे. रंजनाताईंच्या तोंडून दोन्ही सारखेच आले. दुसऱ्यासाठी जीभ पुढे गेली की पापुद्रा तिला मागे रेटत होता, हे त्यांना आत्ता कळलं.

मृण्मयीचा चेहरा उतरला. "ही कवळी ज्यांचं ऐकून शिकली, त्यांत मराठी माणसं थोडीच होती. बाकीच्यांच्या बोलण्यात हा च नाहीच. तिला वाटतं, तुमचंच चुकतंय."

रंजनाताईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. म्हणजे त्यांना खरा च नीट आठवत होता! बायको चुकीचं शिकवत होती आणि बिचारा माणूस स्वतःला वेडा ठरवून गप्प बसला होता. रंजनाताईंनी तिथल्या तिथे कवळी काढून शब्द म्हणून पाहिला. बोळक्यातून नुसती हवा गेली.

"बंद कर हिचं शिकवणं," कवळी परत बसवत त्या म्हणाल्या.

"पकडही सुटेल, काकू. मग भाकरी विसरा." मृण्मयी म्हणाली. "पण हिला हा च शिकवता येतो. माझा आवाज ती घेणार नाही, परक्याचा घेतच नाही. घरातलं माणूस हवं."

घरात नवरा-बायको दोघंच राहत होती.

रंजनाताईंनी चमचा नवऱ्याच्या हातात दिला. "अहो, चूक माझी होती, तुमची नव्हे. आज तुम्ही मास्तर. मला शिकवा."

शशिकांतरावांनी चमचा मुठीत धरला. बायकोच्या बोलण्यातलं त्यांना किती समजलं कोण जाणे. मग त्यांनी सगळा जीव गोळा केला, जबडा हलवला, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात त्यांचा आवाज उमटला.

"चमचा."

खणखणीत, स्पष्ट. पण तो च चहातला होता. बायकोने शिकवला, अगदी तसाच.

मृण्मयीने मान खाली घातली. शशिकांतरावांचा चेहरा मात्र फुलला होता. ते बायकोच्या तोंडाकडे आशेने बघत होते.

चूक म्हणावं, तर हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडेल का? आणि शाबास म्हणावं, तर कवळीने तो दुसरा च आता कुणाकडून शिकायचा?