टाचेखालचं गवत

अंकुशराव त्या संध्याकाळी खारघरच्या गोल्फच्या मैदानावर गेले ते काही खेळायला नव्हे. काठ्यांची पिशवी शिवाच्या स्वाधीन करायची आणि परत यायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी मैत्री त्यांना कायमचं बंगळुरूला न्यायला येणार होती. नेरूळच्या फ्लॅटमधलं सामान खोक्यांत गेलं होतं. पण गोल्फच्या वेड्याला मैदानाच्या दारात उभं करून खेळू नको म्हणणं म्हणजे मांजरापुढे बोंबील ठेवून त्याला उपास सांगणं. "काका, शेवटचे चार होल तरी होऊ द्या की," असं शिवानं म्हणायचा अवकाश, हे टोपी घालून तयार!

शिवा जवळच्याच गावचा. बापाची भातशेती शहरात गेली, पोरगा बिल्डर झाला, गळ्यात साखळी आली, पोट आलं, आणि चाळिशीत गोल्फचं खूळ लागलं. ते लावणारे अंकुशरावच.

अंकुशरावांचा जन्म मंडणगडकडच्या बौद्धवाडीतला, आणि नोकरी मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअरची. डर्बनला एकदा जहाज दुरुस्तीसाठी अडकलं तेव्हा वेळ जाईना म्हणून त्यांनी काठी हातात घेतली, ती पुन्हा सुटली नाही. डर्बनची माकडं बॉल पळवत. जपानात खेळ अर्ध्यावर थांबवून गरम सूप पाजत. स्कॉटलंडला समुद्रावरून असा वारा यायचा की मारलेला बॉल परत पायाशी यावा. एवढं जग खेळून त्यांनी एकही स्पर्धा जिंकली नाही आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही, कारण सगळीकडे त्यांची बायको सुचिता बरोबर असायची.

सुचिताला खेळातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. ती आपली मागून चालायची. फटका मारताना काठी जमिनीला लागली की गवताची मातीसकट खपली उडते. ती उचलून जागच्या जागी बसवणं हा या खेळातला शिष्टाचार. नवऱ्यानं तो एकदा सांगितला आणि त्या दिवसापासून ते काम तिनं आपल्याकडे घेतलं. भातलावणीत वाढलेली बाई ती! आधी चपला काढून हातात घ्यायच्या, कारण रोपाला चप्पल दाखवायची नाही अशी तिच्या माहेरची रीत. मग खपली खड्ड्यात ठेवायची, अंगठ्यानं कडा दाबायच्या, डाव्या टाचेनं एकदा चेपायचं. आणि शेवटी एक पातं हलकेच ओढून बघायचं. उपटलं नाही की समाधानानं मान डोलवायची.

"मातीचं पांघरूण काढता ना अहो, मग परत घालायला नको?"

स्कॉटलंडच्या गारठ्यातही ती अनवाणीच. तिथला म्हातारा पिशवीवाला आधी हसला, पण खेळ संपेपर्यंत तोही बूट हातात घेऊन चालत होता.

या अनवाणी चालण्यानं तिच्या टाचांना भेगा पडत. डाव्या टाचेची भेग तर चिमणीच्या पायासारखी, तीन फाट्यांची. रात्री केबिनमध्ये अंकुशराव कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, कोमट करून तिच्या टाचांना चोळत बसत. नवऱ्याकडून पाय चोळून घेतेस का, असं सासूबाईंनी लेकीला एकदा झापलं, तेव्हा हेच मध्ये पडले. "जहाजावर सगळ्या मशिनना तेल मीच घालतो, आई," म्हणाले. गेल्या आषाढात सुचिता गेली. मुठेलाचा गोळा डब्यात तसाच राहिला, आणि परवा सामान बांधताना तो डबा हातात घेऊन हा माणूस बराच वेळ रडला.

तर ती ऑक्टोबरची संध्याकाळ. पांडवकड्याच्या धबधब्याचं पाणी आटलेलं, जमीन टणक. डोंगराची सावली मैदानावर उतरत होती. लांब कळंबोलीकडून ट्रकांचे हॉर्न येत होते, तेही हळूहळू विझल्यासारखे झाले. बाकीचे खेळणारे केव्हाच घरी गेले होते.

पहिला फटका बरा बसला. खपली उडून हातभर पुढे पडली. अंकुशरावांचे गुडघे आता वाकत नव्हते. शिवाय इथलं गवत तिकडच्यासारखं नाही, खपली परत लावली तरी सुकते, म्हणून खड्ड्यात वाळूच भरतात. वाळूची बाटली काढायला ते पिशवीकडे वळले, परत फिरले, तर खड्डा नव्हता. खपली जागेवर बसली होती आणि तिच्या कडा नीट दाबलेल्या होत्या.

"शिवा, तू लावलीस?"

"मी? काका, माजं पोट बगा. मी वाकतो तरी का?"

अंकुशराव हसले. गेला असेल कुणी माळी, म्हणाले. पुढच्या फटक्याला पुन्हा खपली उडाली. या वेळी ते मुद्दाम दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. मागून आवाज आला.

चप्.

ओल्या चिखलात अनवाणी पाय पडावा तसा. आणि त्या कोरड्या हवेत, डोंगरावरच्या वाळल्या गवताच्या वासातून, एक ओळखीचा वास आला. कोमट केलेल्या मुठेलाचा.

शिवा समोर उभा होता. त्याच्या हातातली काठी खाली पडली तरी त्याला कळलं नाही.

"काका... तुमच्या पाठी कोन हाय?"

"कोण असणार? आमच्यात भूतबीत मानत नाहीत, शिवा."

"तुमी नका मानू. पन ती तुमाला मानते, त्याचं काय?"

"ती?"

"बाई हाय... वाकलीय. तोंड दिसत नाय..."

अंकुशरावांना भीती वाटली नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांना एवढं बरं वाटत होतं.

"पायात चप्पल आहे का रे तिच्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय..." शिवा एक पाऊल मागे सरला. "हातात धरलीय."

अंकुशराव वळले. मागे कुणी नव्हतं. एव्हाना अंधारलं होतं. मोबाइलच्या उजेडात खपली दिसली, आणि तिच्यावर टाचेचा ठसा. डाव्या टाचेचा, आत चिमणीच्या पायासारखी तीन फाट्यांची भेग. टणक जमिनीत तेवढीच जागा ओली होती.

"काका, चला घरी. पाया पडतो तुमच्या."

"थांब रे जरा. माझी बायको आहे ती."

ते अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. जन्मभर इंजिनांच्या आवाजात ओरडून बोलणारा माणूस, आता कुजबुजल्यासारखा बोलू लागला.

"सुचिता, उद्या मी जातोय ग. मैत्रीकडे. चौदावा मजला आहे... खाली पण सगळी फरशीच. मी गेलो की तू इथं कुणाच्या मागे चालशील?"

काहीच हललं नाही. ट्रकांचे हॉर्नसुद्धा नाहीत.

त्यांनी काठी उचलली. पुढे बॉल नव्हताच. नुसती काठी जमिनीत मारून त्यांनी एक मोठी खपली उडवली.

"येशील का माझ्याबरोबर? यायचं असेल तर ही लाव. मी बघत नाही."

आणि ते डोंगराकडे बघत राहिले. चप्. चप्. पावलं जवळ आली, खपलीपाशी क्षणभर थांबली, आणि त्यांच्या अगदी बाजूनं पुढे निघून गेली. मुठेलाचा वास त्यांच्या खांद्याला घासून गेला. त्यांनी खाली पाहिलं. खपली उलटी पडली होती, मुळं वर करून. एवढ्या वर्षांत सुचितानं उघडी टाकलेली ती पहिलीच खपली.

"नाही म्हणाली," अंकुशराव पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले.

शिवा मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पार्किंगकडे बघत होता.

"काका... ती तुमच्या गाडीत बसली."

शिवानं त्या दिवशी पिशवी घेतली नाही. अंकुशराव एकटेच गाडी चालवत नेरूळला आले. मागच्या सीटकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, मात्र खड्डे आले की गाडी फार सांभाळून घेत होते. घरी खोक्यांच्या गर्दीत उघड्या गादीवर ते तसेच आडवे झाले. पांघरुणं सगळी खोक्यांत गेली होती, आणि खोकी उघडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

जाग आली ती बेलच्या आवाजानं. उजाडलं होतं.

"बाबा, उठलात का? टॅक्सी खाली थांबलीये!" दाराबाहेरून मैत्री हाका मारत होती.

अंकुशराव उठायला गेले आणि त्यांना जाणवलं, अंगावर पांघरूण आहे. सुचिताचीच जुनी गोधडी. चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली, आणि काठाकाठानं अंगठ्यानं दाबल्याच्या ओल्या खुणा. खोलीभर मुठेलाचा वास होता. त्यांनी जोर लावून गोधडी सोडवली. पाय उघडे झाले. दोन्ही टाचा तुपासारख्या मऊ, कुणीतरी रात्रभर चोळत बसल्यासारख्या. त्यांचे हात स्वतःच्या टाचांपर्यंत पोचेनासे झाले त्याला वर्षं लोटली होती.

आज गुडघा सहज वाकला. डाव्या टाचेला काल नव्हती अशी एक भेग होती, चिमणीच्या पायासारखी. तिच्यातून गवताचं एक हिरवं, कोवळं पातं बाहेर आलं होतं, काल उघडी टाकलेली खपली तिनं इथं लावल्यासारखं.

"बाबा! ऐकू येतंय ना? दार उघडा!"

अंकुशरावांनी दोन बोटांत ते पातं धरलं आणि हलकेच ओढून बघितलं.

उपटलं नाही.