येताना सरळ

तो पहिल्यांदा आला तो चुकून. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचं समजून त्याने विमान-तिकिटांच्या ऑफिसचं दार ढकललं. नुसतंच परत कसं फिरायचं, म्हणून टेबलावरचा पृथ्वीगोल फिरवत त्याने विचारलं, "इथून दादाच्या शहरापर्यंत विमानाला किती वेळ लागतो?"

"दादा कुठे राहतात ते कळलं तर सांगते," टेबलामागची मुलगी म्हणाली.

त्याने गोलावर बोट ठेवलं. पार पलीकडे. तो दातांचा डॉक्टर होता. दादाने तिकडच्या दवाखान्यात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती, आणि महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं.

ऑफिस तिच्या मामांचं. कुठलं अंतर किती, कुठल्या विमानाला किती तास, सगळं तिला तोंडपाठ. तरी त्या दिवशी तिने त्याला दोन ठिकाणी विमान बदलायचा रस्ता सांगितला. "दीड दिवस तरी धरा," ती गंभीरपणे म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, हे एक कारण असू शकतं.

दोन दिवसांनी तो पुन्हा हजर. "तीन ठिकाणी बदललं तर?"

"तर दोन दिवस. पण मधल्या विमानतळावर खुर्च्या फार कडक आहेत हं."

"अरेरे... आणि येताना?"

"येताना जास्तच. वारा समोरून असतो ना."

मग तो येतच राहिला. "हा तिकीट काढणार आहे, की इथेच मुक्काम ठोकणार आहे?" मामांनी एकदा विचारलंसुद्धा.

महिना संपत आला, तसा तो म्हणाला, "काढा तिकीट." 'नको' हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. बोटं मात्र सवयीने तोच लांबचा रस्ता भरू लागली. मामांनी मागून संगणकाच्या पडद्यावर डोकावलं.

"अगं, सरळ विमान असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? सोळा तासांत पोचतो माणूस!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी... ते... मला वाटलं—"

"सरळ विमान आहे हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "दादा दरवर्षी त्यानेच येतो."

"मग दर खेपेला का विचारत होतात?"

"तुम्ही दर खेपेला रस्ता आणखी लांबवत होतात... तुम्हाला मला जाऊ द्यायचं नाहीये, एवढी खात्री करून घेत होतो."

मामांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं.

"मग आता तिकीट कशाला?" तिचा आवाज हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"दादाला नाही म्हणायला. फोनवर नाही म्हटलेलं त्याला ऐकूच येत नाही."

तिला इतका आनंद झाला, की तो लपवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. तिने पडद्यावरचं सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"जाताना कसेही जा," ती म्हणाली. "येताना मात्र... सरळ या. मधे कुठे उतरू नका."