न्हाय पसंत

लाईट कधी जावी याचं लाईटीला काही सोयरसुतक नसतं. त्या रविवारी लोणी भापकरला ती गेली, तेव्हा पिक्चरमधली हिरॉईन विहिरीच्या काठावर उभी होती, हिरो घोड्यावरून दौडत येत होता आणि पिक्चर संपायला उरली होती फार तर सात मिनिटं. आबासाहेबांच्या सोप्यात बसलेली निम्मी आळी एका सुरात हळहळली. बायका पदर झटकून उठल्या, म्हातारी माणसं वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडत घरी गेली. आबासाहेबांची धाकटी लेक दिपाली मात्र टीव्हीच्या काळ्या पडलेल्या काचेसमोर बराच वेळ बसून राहिली. तिला अर्धवट गोष्टीचा भारी राग होता.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. दिपाली बारावी झाली होती आणि बारामतीला टायपिंगच्या क्लासला जात होती. सोमवारी सकाळी एसटीतून उतरली ती शेवटाचाच विचार करत. स्टँडसमोर टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं. पोट उघडलेले टीव्ही तिथं ओळीनं मांडलेले असत, आणि एक सावळा, शिडशिडीत मुलगा मान खाली घालून त्यांच्या तारा जोडत असे. या मुलाशी ती कधी बोलली नव्हती. बोलायचं कारणही नव्हतं. पण टीव्हीवाल्यालाच शेवट ठाऊक नसेल तर कुणाला असणार, असा साधा हिशेब करून ती दुकानाच्या पायरीपाशी थांबली.

"अहो, कालच्या पिक्चरचा शेवट काय झाला?"

त्यानं वर पाहिलं. तारा जोडायच्या गरम सळईतून धूर निघत होता, राळेचा गोडसर वास येत होता.

"तुमी कुठवर बघितला?"

"विहिरीपतुर."

"उडी मारली न्हाय तिनं."

"मग?"

"मग... लगीन झालं."

"म्हंजे तेच झालं की," दिपाली म्हणाली आणि क्लासला उशीर होतो म्हणून चालूही लागली. मागे तो इतका हसला, की सळई बोटाला लागली. फुंकर मारल्याचा आवाज तिला रस्त्यापर्यंत ऐकू आला. आपल्या बोलण्यावर कुणी असं मनापासून हसल्याचं तिला आठवत नव्हतं. दिवसभर टाईपरायटरवर तिच्या हातून चुका होत राहिल्या.

त्याचं नाव कुंडलिक. गाव इंदापूरकडचं बावडा. आजोबांच्या वेळी घरात मेंढरं होती, आठ महिने वाड्यावस्त्यांवर फिरणं होतं. आता वडील शेती करत आणि हा रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून बारामतीत खोली घेऊन राहिलेला. दिपालीच्या घरचीही तीच कथा, मेंढरं जाऊन मेथी-कोथिंबीर आलेली. खोदून विचारलं तर दोन्ही घरं लांबच्या पाहुण्यांतलीच निघाली. हे कळल्यावर दोघांनाही बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं दोघांनीही दाखवलं नाही.

मग सोमवार ठरूनच गेला. रविवारी पिक्चर बघायचा आणि सोमवारी पायरीपाशी पाच मिनिटं उभं राहून त्याचा निकाल लावायचा. दिपालीला सहसा काही पटत नसे. मालिकेतली सासू झोपतानासुद्धा शालू नेसते, ती अंथरुणात घामानं मरत कशी नाही, असं ती विचारी. शहरातून आलेला हिरो एका गाण्यात नांगर धरतो आणि दुसऱ्या गाण्यात पीक कापतो, हे बघून आमच्या आबांनी टीव्हीकडं पाठ फिरवली, असं सांगे. कुंडलिकला मात्र सगळंच आवडायचं. त्याचंही बरोबर होतं म्हणा. त्यानं पिक्चर बघितले ते तुकड्यातुकड्यांनी, कधी आवाज नसलेले, कधी नुसता आवाज असलेले. "चित्र हलायचं थांबलं, की मला पिक्चर आवडतो," तो म्हणायचा. यावर काय भांडणार? तरी ती भांडायची. तो ऐकायचा, हसायचा आणि हळूच म्हणायचा, "बरा हुता की... तुमी लई मार्क कापता."

सरळ सांगायचं, तर दिपालीला तो आवडायला लागला होता. नुसता आवडायला नव्हे, रविवारच्या पिक्चरपेक्षा सोमवारची एसटी तिला प्यारी झाली होती.

पण मनात एक काटा होता. मध्ये एका पिक्चरमध्ये हिरोनं हिरॉईनच्या थोबाडीत मारली होती आणि पुढच्याच गाण्यात ती त्याच्या गळ्यात पडली होती. कुंडलिक त्यालाही नेहमीसारखं "बरा हुता" म्हणाला. दिपाली त्या दिवशी भांडली नाही. गप्पच झाली. तिची थोरली बहीण छकुली इंदापूरच्या बाजूला दिलेली. मागच्या दिवाळीला ती आली तेव्हा दंडावर काळेनिळे वळ होते, आणि चार दिवसांनी आबासाहेबांनी समजूत काढून तिला परत पोचवलं होतं. त्या घरात यावर कुणी बोलत नसे. हा मुलगा हसरा आहे, शांत आहे, सगळं खरं... पण दाजीही लग्नाआधी हसरेच होते. कुणाला विचारायचं हे, आणि कसं?

सात महिने गेले. एका सोमवारी कुंडलिक सळई हातात न घेताच बसला होता.

"आमचं मामा लोणी भापकरला यायचं म्हणत्यात," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी. म्हंजे... तुमची हरकत नसंल तर."

"रस्ता काय माझ्या मालकीचा हाय?" दिपाली म्हणाली. कान मात्र तापले होते.

"तसं न्हाय. घर कंचं म्हणून सांगू त्यास्नी?"

"ज्या घराचा अँटेना सगळ्यांत उंच हाय, ते," एवढं सांगून ती निघाली. चार पावलं गेल्यावर वळून तिनं बघितलं. तो अजून तिच्याकडेच बघत होता.

रविवारी अकराच्या सुमाराला मंडळी आली. कुंडलिक, त्याचे आईवडील आणि मामा तात्याबा. तात्याबा म्हणजे त्या घरचा कारभारी माणूस. आवाज खणखणीत, पण एका कानानं कमी ऐकणारा. आळीतल्या चार बायका उंबऱ्याशी येऊन टेकल्या. दिपालीच्या आईनं, चंद्राबाईंनी पोहे केले, दिपालीला हिरवी साडी नेसवून पाटावर आणून बसवलं. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं, मेथीला पाणी किती लागतं तेही विचारून झालं. दोघं एकमेकांना जन्मात पाहिलं नसल्यासारखी बसली होती. मग तात्याबा भाच्याला म्हणाले, "तुला काय इचारायचं तर इचार बाबा. मागनं म्हणशील इचारलं न्हाय."

कुंडलिकनं घसा खाकरला. "टीव्ही... बघता का?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दिपालीनं खाली मान घालून सांगितलं, बघते. कालच शनिवारचा एक पिक्चर बघितला.

"कसा वाटला?"

हा प्रश्न खरं तर थट्टेतला होता. पण आदल्या दिवशीचा पिक्चर पुन्हा त्याच वळणाचा होता, आणि दिपालीला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तिनं मान वर केली. "हिरो बायकूवर हात टाकतो," ती म्हणाली. "आन शेवटी तीच त्याच्या पाया पडती. तुमाला तसला हिरो पसंत हाय का?"

चंद्राबाईंनी डोळे वटारले. सात महिन्यांत कुंडलिकनं एकाही पिक्चरला नावं ठेवली नव्हती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश, स्पष्ट म्हणाला, "न्हाय. मला न्हाय पसंत."

दिपालीच्या जिवात जीव आला. रुतलेला काटा निघाला. त्यानं याहून मोठं वचन दिलं असतं तरी तिला एवढा आनंद झाला नसता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तात्याबा ताडकन उठले.

त्यांना ऐकू आले ते शेवटचेच तीन शब्द. उंबऱ्यावरच्या बायकांनी पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि नकारच आला असं धरलं. तात्याबा भाच्यावर डाफरले, की अरे नापसंत तर नापसंत, घरी जाऊन सांगायची रीत आहे, तोंडावर कसलं सांगतोस. कुंडलिक म्हणत होता मामा, मी पिक्चरचं बोललो, पण एका कानाच्या माणसाला समजवायचं कसं? तात्याबांच्या त्या आवाजात पोरीचा मूळ प्रश्न सगळेच विसरले. आबासाहेबांनी तर ऐकून घ्यायलाच नकार दिला. चारचौघांत पोरीला नापसंत म्हणायचं आणि वर सारवासारव करायची, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी हात जोडून दाराकडे वाट दाखवली. पोहे तसेच ताटल्यांत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद झाला. संध्याकाळी आबासाहेबांनी सांगून टाकलं, की इंदापूरचं एक स्थळ चालून आलंय, वीस एकर बागायत आहे, शनिवारी होकार कळवतो. आईपाशी दिपाली दोनदा बोलायला गेली आणि दोनदा परत फिरली. पिक्चरमधल्या बायकांना ती किती सहज म्हणायची, बोलत का नाहीत मेल्या, तोंड शिवलंय का? आता तिला कळत होतं. खरं सांगायचं, तर सात महिन्यांचे सोमवार सांगावे लागणार होते. ते सांगितले की आबांचा विश्वास गेला, आणि नाही सांगितले तर कुंडलिक गेला.

बुधवारी सकाळी बापलेक मेथीच्या जुड्या बांधत होते. दव अजून पानांवर होतं. दिपालीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"आबा, तो मला न्हाय म्हणाला न्हवता."

"मग कुणाला?"

"बाईवर हात टाकणाऱ्या माणसाला."

आबासाहेब बांधत राहिले. "तुला काय ठावं त्याच्या मनातलं?"

"सात महिनं झालं आबा. दर सोमवारी बोलतो आमी. त्याच्या दुकानापाशी. नुसतं पिक्चरचं आन मालिकांचं." ती थांबली नाही. "दुसरं काय बी न्हाय. खोटं वाटत आसंल तर मारा मला."

त्यांचे हात थांबले. आबासाहेबांनी सुतळी इतकी ओढली, की हातातल्या मेथीचे देठ तुटले.

"छकुलीच्या वक्ताला मी जमीन बघितली," ते म्हणाले. "पाण्याची हीर बघितली. घर बघितलं. त्या माणसाला एक सवाल केला न्हाय मी."

एवढंच बोलून ते उठले आणि घराकडे गेले. दिपाली परत आली तेव्हा सोप्यातला टीव्ही जाग्यावर नव्हता. आबा तो पोत्यात गुंडाळून बारामतीच्या एसटीनं गेले, असं चंद्राबाईंनी सांगितलं. चांगला चालता टीव्ही कशाला नेला, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

बारामतीत काय झालं ते दिपालीला पुढं कुंडलिकनंच सांगितलं. आबासाहेबांनी टीव्ही त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, बघा, काय बिघडलंय. त्यानं लावून बघितला, टीव्हीत काही दोष नव्हता. तसं म्हणायचं धाडस त्याला होईना. तो उगीच बटणं फिरवत राहिला, कपाळाला घाम फुटला. आबासाहेब स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे बघत होते. गिऱ्हाईकं आली, गेली. एक म्हातारी तिच्या रेडिओसाठी त्याच्यावर वाट्टेल तसं खेकसली, ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला रेडिओ लावून दिला. दुपार झाली तेव्हा आबासाहेब उठले. "चला," ते म्हणाले. "हितं ठीक दिसतंय. आमच्या घरात ऐकण्यात गफलत होती, ती तिथंच काढाय पायजे."

चार वाजता दोघं लोणी भापकरला उतरले. पुढं आबासाहेब, मागं डोक्यावर टीव्ही घेतलेला कुंडलिक. अशी वरात बघून आळी जमायला कितीसा वेळ लागतो? रविवारच्या चारही बायका हजर झाल्या. आबासाहेबांना तेच हवं असावं. त्यांनी टीव्ही अंगणातच उतरवायला लावला.

"रविवारी तुमी हितं बसून न्हाय पसंत म्हणाला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आज नीट सांगा. काय पसंत न्हवतं? पोरगी का पिक्चर?"

"पिक्चर," कुंडलिक म्हणाला. त्याच्या केसांना पोत्याची सुतळी चिकटली होती. "पोरगी मला पसंत हाय. पयल्या सोमवारपासनं पसंत हाय. मामास्नी मी समजावतो, त्येंच्या चांगल्या कानात सांगतो."

बायका हसल्या. चंद्राबाईंनी डोळे टिपले. आता साखर वाटायची, एवढंच राहिलं, असं समजून कुणीतरी आत निघालंही होतं. पण आबासाहेब दाराकडे वळले. दिपाली चौकटीला धरून उभी होती.

"आन तुला गं?" त्यांनी विचारलं. "तुला पसंत हाय का ह्यो?"

हा प्रश्न त्या आळीत आजवर कुठल्या पोरीला कुणी विचारला नव्हता. पिक्चरपासून मालिकेतल्या शालूपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असणाऱ्या दिपालीला तोंड उघडता येईना. तिनं कुंडलिककडे पाहिलं. तोही थांबला होता, तिच्या होकाराची वाट बघत, आणि त्याला खरंच भीती वाटत होती.

"हाय," ती म्हणाली. मग तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "मला पसंत हाय, आबा. लई पसंत हाय."

आबासाहेबांनी मान डोलावली. डोक्यावरची टोपी काढली, त्याच टोपीनं तोंड पुसलं आणि पुन्हा घातली. मग ते बायकोकडे वळले.

"उद्या सकाळच्या एसटीनं मी छकुलीकडं जातो," ते म्हणाले. "तिला इचारायचं राहिलंय. न्हाय म्हणाली तर घेऊनच येतो."